तुम्ही विचारलंत म्हणून: टायटॅनियमचीच फोल्डिंग सायकल का?

"एवढ्या पैशात ब्रॉम्प्टन (तयार मिळणारी नावाजलेली फोल्डिंग सायकल) आली असती की, स्वतः फ्रेम बनवायचा खटाटोप कशाला?" सायकलवाला कुणीही भेटला की हेच, आणि मी "उंचीमुळे" म्हणून सुटतो. ते खोटं नाही, माझ्या सहा फूट तीन इंचांना रेडिमेड फोल्डिंगची सीटपोस्ट एवढी वर काढावी लागते की चढावर जोर लावला की सगळं डुलतं. पण उंचीसाठी स्टीलची फ्रेमही चालली असती, हे मलाही कळतं.

वजनाचं म्हणाल तर तेही अर्धवटच. टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम, स्टीलची ७.८, पण ते स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट लवतं, म्हणून नळी मोठ्या व्यासाची घ्यायची, आणि मधोमध कापलेली फ्रेम ताठ राहायला हवी म्हणून बिजागरात माल घालायचा. नळ्या ग्रेड ९, बिजागर ग्रेड ५, हे दोन्ही टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे प्रकार. "हलकी होईल, बघाच" असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, आज तसं सांगणार नाही.

हट्ट खरा पेटला तो भोसरीच्या एका शेडमध्ये. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडणं) करताना बाहेरून तर हवेला दूर ठेवणारा आर्गन वायू लागतोच, पण नळीच्या आतही भरून ठेवावा लागतो. मी आधीच बजावलं होतं. जोडलेली फ्रेम हातात आली तेव्हा वेल्ड बाहेरून लख्ख, चांदीसारखा. आत टॉर्च मारला तर बिजागराच्या कडेला निळा, पुढे राखाडी, आणि पांढरी भुकटी. नळीच्या तोंडाचं बूच सैल राहिलं होतं, हवा शिरली होती. "साहेब, आत कोण बघतंय?" असं शेडमधले वेल्डर म्हणाले, अगदी सहज. मी त्याच वेल्डचा नमुना तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडा मारला. वाकला नाही, कट्‌कन तुटला. कात्रजचा घाट उतरताना हेच झालं असतं तर? ती फ्रेम मी तिथेच कापून घेतली, नळ्यांचे पैसे गेले, घरी कुणी काही बोललं नाही तेच जास्त लागलं.

मग दुसरीकडे, माझ्यासमोर, आर्गन पुरेसा सोडून केलं, आणि वेल्डच्या उष्णतेने बिजागराची तोंडं ओढली जातात म्हणून ती नंतर पुन्हा मशीन करून समांतर आणली. आता बिजागर बंद करणारा लॅच लावला की जराही ढिलेपणा नाही.

योग्य केलं का? पैशाचा हिशेब मांडाल तर नाही, आणि मी तो मांडून दाखवायला तयार आहे. बिजागर किती वर्षं टिकेल तेही ठाऊक नाही, म्हणून दर सर्व्हिसिंगला ते उघडून आतला वेल्ड बघतो. आणि "आम्हालाही अशीच बनवून द्या" म्हणणाऱ्यांनो, नाही देणार, तुमचा वेल्ड दर वेळी आतून बघायला मी तिथे नसेन.