मिरचीवर कटिंग

दादर स्टेशनबाहेर गाडीवर उभं राहून वडापाव खाणाऱ्यांचा एक क्रम ठरलेला असतो. मीठ लावलेली तळलेली मिरची देठाजवळ धरून कचकन तोडायची, नाक वाहायला लागलं की वरून कटिंगचा घोट. चहा रोजच्याइतकाच गरम, पण तेवढ्यापुरती जीभ भाजून निघते. गंमत म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत.

जिभेत वेदना कळवणारे जे चेतातंतू असतात, त्यांच्या टोकांवर प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यातलं एक टीआरपीव्ही-१. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं. आणि मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार उघडतं, तोंड गार असलं तरी! डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे शोधलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. कॅप्सेसिन चिकटलेलं असताना हे दार एरवीपेक्षा कमी उष्णतेलाही उघडतं. म्हणजे मिरचीनंतरचा चहा खरोखरच जास्त पोळतो.

दार उघडल्यावर सोडियम आणि कॅल्शियमचे धनभारित कण आत घुसतात. एरवी तंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साठ-सत्तर मिलिव्होल्टनं ऋण असते. तो फरक पुरेसा घटला की विजेचा एक ठोका सुटतो आणि मेंदूकडे धावतो. घटला नाही तर काहीच नाही, अर्धामुर्धा ठोका नसतो. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात एकेका तंतूतले ठोके टिपले, तेव्हा दिसलं की उद्दीपन वाढलं तरी ठोका मोठा होत नाही, एका सेकंदात जास्त पडतात एवढंच. त्यांना १९३२चं नोबेल मिळालं.

मला हे जरा अपमानास्पदच वाटतं. आपण स्वतःला चवीनं खाणारे म्हणवणार, लसणाच्या चटणीवरून वाद घालणार, आणि आत पोचतं काय, तर टक टक टक. मिरची की चहा, हे त्या तंतूच्या गावीही नाही. कुठल्या तंतूतून आणि किती घाईनं ठोके आले, त्यावरून मेंदू ठरवतो: आग लागलीय. मग घाम फोडतो. वर आपण गटागटा पाणी पितो, ज्यात कॅप्सेसिन धड विरघळतही नाही. ताक प्यावं.

पक्ष्यांमध्येही हे दार आहे, उष्णतेला ते उघडतंही, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. आमच्या मुलुंडच्या गॅलरीतल्या कुंडीत लवंगी मिरची आहे. पोपट सकाळी येतात, एका पायात मिरची धरून निवांत सोलतात, बिया खातात, सालं खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणात टाकतात. तक्रार घेऊन काकू आमच्याकडेच येतात.