तुम्ही विचारलंत म्हणून: राजकारणात कशाला पडलात?

"वकिली बरी चालली होती, कारखाना होता, मग राजकारणात कशाला पडलात?" लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, कोर्टनाक्यावर चहा पिताना, हे मला हटकून विचारलं जातं. आधी वकील, मग उद्योजक, मग नेता, अशी एकेक पायरी चढत गेले असं लोकांना वाटतं. तसं झालं नाही.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, ऐंशीच्या घरातले आजोबा, माझे पक्षकार होते. इमारत उभी राहून तीस वर्षं झाली, तरी बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर केली नव्हती. मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याखाली, करारात दुसरी मुदत नसेल तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेअन्स, म्हणजे मालकी संस्थेच्या नावावर करणारा दस्त, करून द्यायचा असतो. बिल्डर तो देत नसेल तर सरकारी आदेशानं मिळवता येतो, त्याला डीम्ड कन्व्हेअन्स म्हणतात; आम्ही जिल्हा उपनिबंधकांकडे त्याचा अर्ज केला. 2012 मध्ये आदेश हातात आला. आजोबांनी प्रत वाचली नाही, आधी कपाळाला लावली आणि मग कापडी पिशवीत ठेवली.

त्याच वर्षी बाबांना पक्षाघात झाला. वागळे इस्टेटमध्ये आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा होता, चौदा माणसं कामाला. वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, तसा बार कौन्सिलचा नियमच आहे. मी अर्ज करून वकिलीची सनद स्थगित केली. घरचे म्हणाले, कुणाला कळतंय. पण ज्या नियमावर मी दुसऱ्यांशी भांडले, तो स्वतःच्या वेळी कसा वाकवणार? काळा कोट कपाटात ठेवताना रडू आलं, ते आलंच.

गाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही. पगार कधी चुकवला नाही, एवढं पुरे.

2016 च्या पावसाळ्यात आजोबा तीच पिशवी घेऊन गाळ्यावर आले. पुनर्विकासाला बिल्डर तयार होता, पण गल्ली अरुंद. त्या जानेवारीत सरकारचं टीडीआरचं, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणायच्या जादा बांधकाम हक्काचं, नवं धोरण आलं होतं: नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर टीडीआर नाही. तो नसेल तर हिशेब बसत नाही. मी कारखान्याची टेप घेऊन त्यांच्याबरोबर गेले. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. सहा मीटर आणि वर चार बोटं.

"ताई, आता कुठल्या कोर्टात जायचं?" त्यांनी विचारलं.

कुठल्याच नाही. आयुष्यभर दाव्यांत रमलेल्या मला तिथे गल्लीत उत्तर नव्हतं. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची रेषा आखली जाते, आणि आधीची रेषा बदलून नवी आखायची तर महापालिकेची मंजुरी लागते. ती मंजुरी महासभेत, म्हणजे नगरसेवकांच्या सभेत मिळते. वकील म्हणून मी त्यांना जमिनीचा कागद मिळवून दिला, पण समोरची गल्ली तीन मीटरनं रुंद करायची तर तिथे हात वर करणारं माणूस हवं होतं. म्हणून पडले.

आमचा गाळा पालिकेला खोकी पुरवायचा. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या माणसाला नगरसेवक होता येत नाही, आणि होऊ नयेच. ते काम मी अर्ज भरायच्या आधी बंद केलं. दोन माणसांना दुसरीकडे लावावं लागलं, आणि ते मला अजून सलतं.

21 फेब्रुवारी 2017 ला मतदान झालं. प्रभाग चौघांच्या पॅनेलचा, मी अपक्ष. प्रत्येक दारात सांगायचे, तुमच्या चार मतांतलं एकच द्या. मी पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचं शटर वर केलं तर आजोबा पायरीवर बसलेले. पिशवी मांडीवर. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक इमारतीसमोरची रुंदी वहीत उतरवून आणली होती, पेन्सिलीनं, तारखेसह. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुढच्या वेळी लागेल."