तुर्की नामांचे प्रत्यय
आजचा दिवस तुर्की व्याकरणात गेला. ‘एव’ म्हणजे घर, ‘एविम’ माझे घर आणि ‘एविम्दे’ माझ्या घरात. आधी स्वामित्वाचा प्रत्यय आणि मग विभक्तीचा, असा तिथला क्रम आहे. ‘घराची बाग’ म्हणताना मराठी घरालाच प्रत्यय लावून थांबते, तुर्की मात्र ‘एविन बाह्चेसी’ म्हणत बागेवरही ‘त्याची’ असा शिक्का मारते आणि पुढे ‘-त’ जोडायचे झाल्यास मध्ये एक ‘न’ घुसवते: ‘बाह्चेसिन्दे’. या ‘न’मुळेच ‘एविन्दे’चे तुझ्या घरात आणि त्याच्या घरात असे दोन्ही अर्थ होतात, तेव्हा संदर्भ पाहण्यावाचून गत्यंतर नाही. लिंगानुसार बदलणाऱ्या सामान्यरूपांचा जाच सोसलेल्या मराठी माणसाला एवढे जड जाऊ नये, कारण तुर्की नामांना लिंगच नाही.