नेपथ्य नक्की कुठे असतं?

रात्रीचा प्रयोग बघून आलोय, झोप लागत नाहीये म्हणून लिहितोय. पडदा वर गेला आणि कोणी तोंड उघडायच्या आधीच सेटला टाळ्या पडल्या. कोकणातलं घर, ओटी, झोपाळा, पडवीत वाळत घातलेलं लुगडं, झकास एकदम. शेजारचे काका म्हणाले, "नेपथ्य एक नंबर हं!"

प्रयोग संपल्यावर मित्राला भेटायला आत गेलो तर सेट काढणं सुरू झालं होतं. ती ओटी म्हणजे नुसत्या दोन लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे, भिंतीला मागून ब्रेसचा टेकू, फ्लॅटच्या, म्हणजे चौकटीवर ठोकलेल्या त्या खोट्या भिंतीच्या, पाठीवर खडूने नंबर टाकलेले. पोरं भराभर सगळं सुटं करून टेम्पोत भरत होती, कारण उद्या दुपारी प्रयोग दुसऱ्याच गावात.

गंमत अशी की मूळ अर्थ धरला तर नेपथ्य प्रेक्षकाला दिसायलाच नको. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नट तयार होतात ती जागा, आणि त्यांचा साजशृंगार तोही नेपथ्यच. कालिदासाच्या शाकुंतलात सुरुवातीलाच सूत्रधार नेपथ्याकडे बघून नटीला म्हणतो की तुझं नेपथ्यविधान आटपलं असेल तर ये बघू इकडे, म्हणजे दोन्ही अर्थ एका दमात!

आपल्याकडे मात्र जाहिरातीत 'नेपथ्य : अमुक अमुक' असलं की तो सेटवाला. पूर्वी नाटक कंपन्यांकडे रंगवलेले पडदे असायचे, महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा, कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमात पडायच्या आधी हेच करायचे. मग फ्लॅट आले, खरी उघडणारी दारं आली, आणि १९६२ च्या 'तो मी नव्हेच'मध्ये तर फिरता रंगमंच, त्याशिवाय कोर्टातून दुसऱ्या गावी आणि परत कोर्टात असं पटापट जाणं आणि नट प्रभाकर पणशीकरांच्या त्या पाच भूमिका, अवघडच होतं सगळं.

नेपथ्य असं पुढे सरकलं, मागे जागा रिकामी झाली, तिथे 'बॅकस्टेज' येऊन बसलं. ती टेम्पो भरणारी पोरं बॅकस्टेजवाली, नेपथ्यवाली नाहीत, आणि जाहिरातीत त्यांचं नाव शोधून सापडायचं नाही.

जुना अर्थ टिकलाय तो राजकारणाच्या बातम्यांत. अमका नेता नेपथ्यात राहून सूत्रं हलवतोय वगैरे. कालिदासाला कळेल असं मराठी आता हेच लोक लिहितात, काय बोलणार!