रमण राघव आणि आमचे माळवद

आमचे आजोबा अंबड तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून १९६६ साली मुंबईला गेले. जालन्याहून छोट्या लायनीच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून बोरीबंदर, आणि मग मालाडच्या बाजूला चाललेल्या बांधकामावर बिगारीचे काम, असा त्यांचा प्रवास होता. राहायला खोली नव्हतीच. दिवसा जिथे वाळू चाळायची तिथेच रात्री वाकळ अंथरायची, आणि पावसाळ्यात अर्धवट झालेल्या स्लॅबखाली सरकायचे. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रमण राघवने १९६८ मध्ये ज्या माणसांना मारले, ती बहुतेक अशीच उघड्यावर किंवा कच्च्या झोपड्यांत निजणारी होती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तर उपनगरांत एकामागून एक खून होऊ लागले. माणूस झोपेत असताना त्याच्या डोक्यावर लोखंडी हत्याराचा घाव बसत असे. चोरी झालीच तर ती किरकोळ. आजोबा सांगत की त्यांच्या टोळीने रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. दोघांनी सोटे घेऊन बसायचे आणि बाकीच्यांनी निजायचे. एका रात्री शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी एका वाट चुकलेल्या भिकाऱ्याला पकडून बेदम मारले. तो माणूस कोण होता आणि त्याचे पुढे काय झाले, हे आजोबांना कधीच कळले नाही, आणि आपण तेव्हा मध्ये पडलो नाही याची खंत त्यांनी मला दोनदा बोलून दाखवली होती.

खरे म्हणजे रमण राघव पोलिसांना नवा नव्हता. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या वस्त्यांतल्या एकोणीस जणांवर असेच हल्ले झाले होते आणि त्यांतले नऊ जण दगावले होते. त्या वेळी संशयावरून तो ताब्यात आला होता, परंतु पुरावा नसल्याने त्याला सोडावे लागले. दुसऱ्यांदा खून सुरू झाल्यावर पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला वर्णनावरून ओळखून पकडले. त्याने आपले नाव सिंधी दलवाई असे सांगितले. बोटांचे ठसे जुळले तेव्हा तो रमण राघवच असल्याची खात्री पटली. त्याच्याजवळ एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद निघाले. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. एका भटक्या माणसाचा हा सगळा संसार होता, आणि त्यातला लसूण व चहाची पूड तर आजोबांच्या पिशवीतही असणारच.

अटकेनंतर कोंबडी खायला मिळाल्यावरच तो आपल्या गुन्ह्यांबद्दल बोलू लागला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. वकील म्हणून मला त्यापुढचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. खटल्यात पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून तो वेडा नसल्याचा निर्वाळा दिला, तर बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला फार पूर्वीपासून स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार असल्याची साक्ष दिली. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली केवळ आजार असून भागत नसे. आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे त्या आजारामुळे आरोपीला कळतच नव्हते असे दाखवावे लागे. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. त्याने अपील करण्यास नकार दिला, तरीही फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागतेच. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांची समिती नेमण्यास सांगितले. ते त्याच्याशी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास बोलले. कायद्याचे जग वेगळे आणि आपण राहतो ते जग वेगळे, लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, आपल्यात शक्ती आहे, असे त्याचे ठाम समज होते. हा आजार बरा होणारा नाही, असा समितीचा निष्कर्ष निघाला आणि १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला.

आजोबांना हा निकाल कधीच मान्य झाला नाही. "निजलेल्या माणसाला मारतंय, त्याला कसला आजार, बाबा?" असे ते म्हणत. मला मात्र निकाल योग्य वाटतो, आणि तसे मी त्यांना सांगितलेही होते. आमच्या भागात कोणाला भास होऊ लागले, तो एकटाच बडबडू लागला, की त्याला आधी देवऋष्याकडे नेतात. डॉक्टरचे नाव निघेपर्यंत वर्षे गेलेली असतात. त्यांतला जवळपास कोणीच हिंसक होत नाही, हे मी कोर्टात येणाऱ्या अशा कुटुंबांना पुन्हा पुन्हा सांगत असतो. राघवला तर नेणारेही कोणी नव्हते. पण हे सगळे मी माझ्या पक्क्या घरात, कडी लावून निजणारा माणूस म्हणून मांडतो, आणि आजोबा त्या वाळूच्या ढिगाशेजारून बोलत असत. त्यांचा राग मला खोडून काढता आला नाही.

१९७० च्या सुमारास ते गावी परतले, ते पुन्हा मुंबईला गेले नाहीत. वैशाखात आमचे सगळे घर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, निजायला जाई. आजी घागर आणि वाकळी वर नेऊन ठेवी, आणि आम्ही पोरे वाऱ्याच्या बाजूची जागा धरण्यासाठी भांडत असू. आजोबा मात्र खाली, कोंदटलेल्या माजघरात, डोके भिंतीच्या कोपऱ्याला टेकवून आणि सोटा उशाशी ठेवून निजत.