तुम्ही विचारलंत म्हणून: एमां आपणे शुं?

माझ्याकडे कात्रणांच्या वह्या आहेत, चांगल्या जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, आणि घरी आलेलं माणूस झोपाळ्यावर बसलं की हात आधी त्या वह्यांकडेच जातो. दोन पानं उलटली की प्रश्न ठरलेला. हे सुदान, हे म्यानमार, हे अफगाणिस्तान, एवढं कशाला कापून चिकटवत बसता हो, एमां आपणे शुं? बडोद्यात मराठी घरातसुद्धा हे वाक्य गुजरातीतच येतं, कारण 'आपल्याला काय करायचंय' म्हटलं की जरा भांडल्यासारखं वाटतं, आणि 'एमां आपणे शुं' म्हणजे नुसतं पंख्याचं बटण बंद केल्यासारखं. भिशीतल्या बायकांनी विचारून झालं, आता जावयांनीही विचारलं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

तर मी २६ वर्षं रावपुऱ्यात एका छापखान्यात प्रूफं तपासली. लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, गुजराती गाईडं, मराठी दिवाळी अंक, जे येईल ते. या कामाने माणसाची नजर कायमची बिघडते, मजकूर राहतो बाजूला आणि डोळा एका शब्दावर जाऊन अडतो. आणि जगातली सगळ्यात मोठी प्रूफ करेक्शन एका आपल्या बडोद्याच्या बाईने केलेली आहे, हे मला कळलं तेव्हा कॉलर ताठ झाली होती (साडीला कॉलर नसते, पण समजून घ्या). हंसा मेहता. बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, पुढे १९४९ साली आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे, तिथे बसून अख्ख्या पिढ्या पास झाल्या, पण बाई कोण होत्या ते कुणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहायचं चाललेलं तेव्हा पहिल्या कलमाच्या मसुद्यात होतं 'ऑल मेन', म्हणजे सगळे पुरुष समान. मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट, त्यांचं म्हणणं मेन म्हटलं की त्यात बायका आल्याच. हंसाबेन म्हणाल्या नाही येत, जगात कित्येक ठिकाणी याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. शेवटी झालं 'ऑल ह्युमन बीइंग्ज', आणि १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ.

बातम्या मी तेव्हापासून अशाच वाचते, कुठला शब्द आहे आणि कुठला गाळलाय ते बघत. म्यानमारचं घ्या. त्यांच्या सरकारच्या यादीत देशातल्या १३५ जमाती आहेत, आणि रोहिंग्या हा शब्द त्यात नाही. १९८२च्या नागरिकत्वाच्या कायद्यापासून ती माणसं तिथेच राहून परकी झाली, आणि २०१७मध्ये सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशात पळाले, तेव्हा सगळ्या जगाने आगी आणि होड्या बघितल्या, पण माझ्या डोक्यात ती यादीच बसलीय. शब्द आधी गेला, घरं मागाहून गेली. अफगाणिस्तानात २०२१च्या ऑगस्टमध्ये तालिबान परत आले आणि मुलींची शाळा सहावीपाशी थांबली, २०२२च्या डिसेंबरात कॉलेजंही बंद, तिथे तर 'विद्यार्थी' या शब्दातून मुलगीच काढून टाकली. जुलै २०२५ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर याच कारणासाठी अटकेचं वॉरंट काढलं, पकडायला कोण जाणार ते सोडा, पण कागदावर तरी आलं. सुदानमध्ये एप्रिल २०२३पासून दोन फौजा एकमेकींशी लढतायत, एक कोटीहून जास्त माणसं घरातून उठली, आणि आमच्याकडे ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, बाजूला सोन्याच्या भावाचा चौकोन त्याहून मोठा. ते कात्रण तर इतकं लहान की डिंकच बाहेर येतो.

आणि 'आपणे शुं' म्हणणाऱ्यांनाही कधीतरी काहीतरी होतंच की. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेने लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, हातात बेड्या आणि पायात साखळ्या घालून, आणि त्यातले ३३ आपल्या गुजरातचे. अमेरिकेच्याच लोकांनी साखळ्यांचा व्हिडिओ टाकलेला. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत ८०-९० मेसेज, माणसं आहेत का गुरं, आपली पोरं आहेत ती, वगैरे. बरोबरच होतं सगळं. फक्त त्याच ग्रुपवर घुसखोरांना साखळ्या घालून समुद्रात सोडा असा फॉरवर्डही येऊन गेला होता आणि त्याला अंगठे पडले होते. मी ते दोन्ही मेसेज खालीवर ठेवून बघितले, प्रूफ आणि मूळ प्रत ठेवतात तसे. फरक एकाच शब्दाचा, 'आपली'. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का, तर हो.

पण मी कुणाला शिकवायला बसले नाहीये, कारण माझंही प्रूफ तसं स्वच्छ नाही. आमच्या छापखान्यात बाइंडिंगला एक भाई होते, मुसलमान. हात असा की कापडी पाठीची वही दहा वर्षांनी उघडा, शिवण ढिली नाही. पावसाळ्यात त्यांच्या घरात पाणी शिरलं, भाड्याने जागा बघत होते, आणि आमचा दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट तेव्हा रिकामा. ते बायकोला घेऊन बघायला आले. तिने नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, खिडकीतून खाली डोकावून शाळेची रिक्षा कुठे थांबते ते विचारलं, म्हणजे मनातून ती राहायला आलीच होती. आणि मी म्हटलं, "भाई, माझं काही नाही हो, पण सोसायटीत विचारावं लागेल." ते हसले आणि म्हणाले, "चालेल ताई." मी सोसायटीत कधीच विचारलं नाही, त्यांनीही परत विषय काढला नाही. आमच्याकडे 'अशांत धारा' म्हणून १९९१चा कायदा आहे, सरकारने 'अशांत' ठरवलेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते, पण मी कलेक्टरपर्यंत गेलेच नाही. माझ्या बाबतीत कलेक्टरही मीच होते.

यानंतर बऱ्याच वर्षांनी बाबासाहेबांनी बडोद्याबद्दल लिहून ठेवलेलं वाचलं. १९१७ साली अमेरिका आणि लंडनहून शिकून महाराजांच्या नोकरीत आले आणि राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या उतारूघरात राहिले, अकराव्या दिवशी दहाबारा जण काठ्या घेऊन दारात. मग दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, तो म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. रात्री नऊची मुंबईची गाडी होईपर्यंत पाच तास कमाठी बागेत बसून होते. काठीवाल्यांचं मला फार काही वाटलं नाही, ते सगळीकडे असतात. 'विचारावं लागेल' इथे मात्र मी पुस्तक बंद केलं आणि उठून उगाचच ओटा पुसत बसले.

रोज सकाळी आम्ही बायका त्याच कमाठी बागेत चालायला जातो, दोन फेऱ्या मारतो, मग बाहेर कुणाची तरी सेवउसळ खायची टूम निघते. तिथेच परवा समोरच्या बेननी पुन्हा विचारलं, एमां आपणे शुं.

त्या वह्या भाईंनीच बांधलेल्या आहेत. छापखाना बंद झाला, भाई तांदळज्याला, तिथल्या मुसलमान वस्तीत राहायला गेले, तरी दर दिवाळीला एक आणून देतात, पैसे घेत नाहीत, मी फराळाचा डबा देते. यंदा आले ते वर आलेच नाहीत, खालूनच स्कूटरवरून हाक मारली. मी गॅलरीतून म्हटलं, "वर या ना भाई, चहा टाकते." तर म्हणाले, "नको ताई, अंधार पडायच्या आत पोचायला हवं, तांदळजा इथून लांब पडतं."