बॉनेटवरचे कोळ्याचे जाळे

आमची गाडी नऊ वर्षांची आहे, गडद निळ्या रंगाची, आणि पुण्यात कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पार्किंगमधला जुना पिवळट दिवा काढून तेथे पांढराशुभ्र एलईडी बसवला गेला आणि त्याच संध्याकाळी मला बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल गोल चरे दिसले. बोटाने पुसून पाहिले, ओल्या फडक्याने पुसून पाहिले, पण ते जाळे रंगावर बसलेले नव्हते, रंगातच उमटलेले होते. मी दोन पावले बाजूला सरकले तर जाळ्याचा मध्यही माझ्याबरोबर सरकला. पुढे कळले की हे चरे खरे तर गोल नसतातच. ते सर्व दिशांनी पडलेले असतात, आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे योग्य कोनात येतात तेवढेच चमकत असल्याने वर्तुळांचा भास होतो.

ते कोणी पाडले, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. आमच्या इमारतीत एक गृहस्थ पहाटे पाचला येऊन दहा-बारा गाड्या एका बादलीत आणि एका फडक्यात पुसून जातात. रस्त्यावरच्या धुळीत दगडाचा बारीक चुरा असतो. ती कोरडी धूळ पाण्याने सोडवून न घेता फडक्याने ओढली, की फडके पॉलिश कागदासारखे काम करते. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण महिन्याच्या तेवढ्या पैशांत प्रत्येक गाडीला स्वतंत्र पाणी मिळणे शक्यच नाही, आणि नऊ वर्षे ते फडके फिरताना मीही खिडकीतून पाहत होतेच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एवढेच सांगितले, की यापुढे फक्त काचा पुसा, पत्र्याला हात लावू नका. पैसे तेवढेच मिळणार हे ऐकल्यावरही ते म्हणाले, "ताई, मग लोक म्हणतील मी काम करत नाही."

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये यावर उपाय विचारला तर "दोन तासांत रबिंग मारून देतो" असे उत्तर मिळाले. तेथेच मी थबकले. माझी सारी नोकरी औषधांच्या कारखान्यात, गोळ्यांवर आवरण चढवण्याच्या विभागात गेली, त्यामुळे पातळ थर म्हणजे काय आणि तो किती सहज निघून जातो, हे मला कोणी सांगावे लागत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे सहसा माणसाच्या केसाहूनही कमी. उन्हातील अतिनील किरणांपासून खालचा रंग तोच वाचवतो. रबिंग असो वा पॉलिश, चरा घालवण्याचा मार्ग एकच: चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीपर्यंत आणायचा. म्हणजे आयुष्यात मोजक्या वेळाच करता येण्यासारखे हे काम, आणि ते घाईत असलेल्या माणसाच्या हातातील यंत्रावर सोपवण्याची माझी तयारी नव्हती. नवरात्रात सुट्टी होती, दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची होती. आपणच हाताने करू, असे मी ठरवले.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला धुण्यापासून सुरुवात केली. सोसायटीत गाडीला पाइप लावण्यास बंदी आहे आणि ती योग्यही आहे. मग कुंड्यांना पाणी घालायची झारी काढली आणि आधी छतापासून खालपर्यंत नुसते पाणी सोडून चिखल आणि धूळ निघेल तेवढी निघू दिली. चाके आणि मडगार्डच्या आतली बाजू वेगळ्या बादलीत, वेगळ्या फडक्याने, सर्वांत आधी धुतली. मग दोन बादल्या घेतल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा मोजा शॅम्पूत बुडवून एक दरवाजा सरळ रेषेत धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून माती खाली सोडायची आणि मगच तो पुन्हा शॅम्पूत घालायचा. भांड्यांचा साबण मी मुद्दाम टाळला. तो तेलकटपणा ओढण्यासाठी केलेला असतो आणि गाडीवर असेल नसेल ते मेणही धुऊन नेतो. अर्ध्या गाडीनंतर दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी करड्या वाळूची साय जमली होती, ती पाहिल्यावर रोजच्या त्या एका बादलीत काय होत असेल याची कल्पना आली. सगळे मिळून सहा बादल्या पाणी लागले.

पहिल्याच सकाळी एक चूक झाली. त्या दिवशी नळाला पाणी कमी होते म्हणून शेवटची धुलाई बोअरच्या पाण्याने केली आणि मग चहाला वर गेले. वीस मिनिटांनी उतरले तर छतावर आणि बॉनेटवर पांढरे ठिपके वाळून बसले होते. बोअरचे पाणी जड असते; पाणी उडून जाते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, फडक्यावर घेऊन ते मिनिटभर ठिपक्यांवर ठेवले आणि लगेच नळाच्या पाण्याने धुतले, तेव्हा बहुतेक ठिपके गेले. तेव्हापासून शेवटचे पाणी नळाचेच आणि ते वाळण्याआधी मोठ्या जाड पंचाने टिपून घ्यायचे, असा नियम केला. पुसायचे नाही, पंचा पसरून उचलायचा.

धुतलेली गाडी स्वच्छ झाली असे मला वाटले होते. नंतर हातात भाजीची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून बोटे फिरवली आणि सगळीकडे बारीक रवा पसरल्यासारखा लागला. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चिकट रस, कोठे उडालेला डांबराचा शिंतोडा, असे बरेच काही धुऊनही न निघता चिकटून राहते. त्यासाठी क्ले बार मिळतो, मुलांच्या खेळायच्या मातीसारखा मऊ. साबणाच्या भरपूर पाण्यावर तो अलगद सरकवायचा, आणि घरघर थांबली की जागा साफ झाली असे समजायचे. माझ्या हातून त्याचा तुकडा फरशीवर पडला. दीडशे रुपयांच्या वस्तूचा मोह मोठा असतो, पण पडलेल्या क्लेमध्ये वाळूचे कण रुततात, म्हणून तो टाकून द्यावा लागला.

पॉलिशला पुढचे तीन दिवस गेले, रोज सकाळी दोन तास. बाजारात पॉलिश आणि मेण या दोन्हींना सर्रास पॉलिशच म्हणतात, प्रत्यक्षात त्यांची कामे उलट आहेत: पॉलिश थर काढते, मेण थर देते. पॉलिशमध्ये बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अत्यंत बारीक पूड असते. रबराच्या आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कडांना चिकटपट्टी लावली, बॉनेटच्या कोपऱ्यात वहीच्या पानाएवढी जागा निवडून तेथे आधी करून पाहिले, आणि जमते असे दिसल्यावरच पुढे सरकले. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन थेंब, हातभर चौकोन, आधी आडवे आणि मग उभे हात, दाब मध्यम. नखाला अडकणारा चरा पॉलिशने जात नाही आणि त्याच्या मागे लागून थर पातळ करू नये. माझ्या डिकीवर असे दोन आहेत आणि ते तेथेच आहेत. तळमजल्यावरचे निवृत्त शेजारी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही रंग लावताय की काढताय?" मी म्हटले, "काढतेय." त्यांना तो विनोद वाटला.

तिसऱ्या दिवशी मागच्या डाव्या दरवाजावर हात फिरवताना पॅड निळे झाले. बॉनेट, छत आणि पुढचे दरवाजे झाले होते तरी पॅडवर निळ्याचा मागमूस नव्हता, कारण तेथे फक्त पारदर्शक थर झिजत होता. येथे मात्र थेट रंगच पॅडवर येत होता. तो दरवाजा चार वर्षांपूर्वी एका रिक्षाने ठोकल्यावर गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतला होता, आणि बिलावर क्लिअर कोटचे पैसे वेगळे लावलेले मला स्पष्ट आठवतात. एक तर तो थर दिलाच नव्हता, नाही तर चमक आणण्यासाठी रबिंग मारताना पार घासून टाकला होता. तो दरवाजा बाकीच्या गाडीपेक्षा फिकट का दिसतो, हे कोडे चार वर्षांनी असे सुटले. मी तेथेच थांबले, पॉलिश पुसून काढले आणि त्या दरवाजाला नुसते मेणच लावायचे ठरवले.

याच दिवशी एक मूर्खपणाही केला. दूध आणायला गाडी काढली आणि परत आल्याबरोबर बॉनेटचा राहिलेला कोपरा करायला घेतला. खालचे इंजिन तापलेले होते, पॉलिश चटकन वाळून खडूसारखे बसले आणि ते सोडवण्यासाठी पुन्हा थोडे ओले पॉलिश लावून अर्धा तास घालवावा लागला. ऑक्टोबरच्या उन्हात उभ्या गाडीचेही हेच होते. पत्र्याला तळहात लावून थंड वाटला तरच काम सुरू करावे.

मेणाने मात्र मला माझ्या नोकरीची आठवण करून दिली. डबीवर कार्नाउबा असे लिहिले होते. हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरचे मेण. पाने सुकू नयेत म्हणून झाडच ते तयार करते. आवरण चढवलेल्या गोळ्यांना शेवटची चकाकी देण्यासाठी आम्ही हेच, चिमूटभर, वापरत होतो. ते 80 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून उन्हातल्या पत्र्यावरही टिकते. कारखान्यात शिकलेली गोष्ट येथेही लागू पडली: जाड थराने चकाकी वाढत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. अगदी पातळ हात दिला, पंधरा मिनिटे थांबले, बोट ओढून पाहिले, खाली स्वच्छ चकचकीत रेघ उमटली तेव्हा कोऱ्या मायक्रोफायबरने पुसून काढले. मागच्या बंपरवर चिकटपट्टी लावायची राहून गेली होती. तेथील खरखरीत काळ्या प्लॅस्टिकमध्ये मेण शिरून पांढरे पडले, आणि जुना टूथब्रश व कोमट साबणाचे पाणी घेऊन घासले तरी थोडे अजून दिसते.

अष्टमीच्या रात्री परतीचा पाऊस आला. मी खाली जाऊन गाडी मुद्दाम शेडबाहेर काढली. बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले होते आणि गाडी हलताच ते एकदम घरंगळले. एलईडीखाली जाळे पूर्ण गेले नव्हते, हाताने तेवढे जाणारही नव्हते, पण ते शोधावे लागत होते.

दसऱ्याच्या सकाळी चाकाखाली लिंबे ठेवली, झेंडूचा हार बांधला, आणि सासूबाईंनी ओल्या कुंकवाची वाटी घेऊन बॉनेटच्या बरोबर मध्यभागी टीचभर स्वस्तिक काढले. "काचेवर काढू या का?" असे मी आदल्या दिवशी विचारून पाहिले होते, त्यावर "काचेवर कोणी पूजा करतं का गं?" एवढेच उत्तर आले होते. त्यामुळे मी गप्प उभी राहिले. संध्याकाळी सोने वाटून झाल्यावर झारी घेऊन खाली गेले, पाणी सोडले, मोजा एकदा हलकेच फिरवला. कुंकू मेणावरूनच निघून आले. मोजा गुलाबी झाला आहे. तो आता चाकांसाठी ठेवला आहे.